असाध्य आजाराच्या पेशंटला इच्छामरणाचा कायदा पाहिजे का नको? कोल्हापूरकर, मोकळेपणानं लिवा

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
मंडळी, हा विषय टाकू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज टाकतोच. माझ्या मामाला घशाचा कॅन्सर आहे (मावा, दुसरं काय, ऐन पंचविशीपासून). ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाले, आता डॉक्टरांनी हात टेकलेत. गळ्याला भोक, नाकात नळी, बोलता येत नाही म्हणून पोराची जुनी पाटी घेऊन त्यावर लिहून दाखवतो. परवा राऊंडला डॉक्टर आले तर पाटीवर लिहिलं "इंजेशन द्या, सोडवा". डॉक्टर म्हणाले मामा असं बोलायचं नाही आणि पुढच्या कॉटवर गेले. झालं.
तिकडं ब्रिटनमध्ये जून २०२५ ला हाऊस ऑफ कॉमन्सनं ३१४ विरुद्ध २९१ मतांनी असं बिल पास केलं, सहा महिन्यांच्या आत मरण ठरलेल्या माणसासाठी. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात तर १९९७ पासून कायदा चालू आहे. आपल्याकडं नुसती चर्चा. माझं मत सरळ आहे, शुद्धीत असलेला माणूस स्वतः मागतोय, दोन-तीन डॉक्टर म्हणतायत की बरा होणार नाही, मग द्या की. विरोध असेल तर कारण लिहा, नुसतं "जीव देवानं दिलाय" लिहू नका, ते आमच्या आत्तीनं सांगून झालंय.

नाद_नाय_करायचा
भावा १००% सहमत. गोठ्यात बैलाचा पाय मोडला आणि उठायची आशा नसली तर त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून डॉक्टरला बोलवतोच की आपण, आणि माणसानं तेवढं तडफडत बसायचं व्हय?

सौ_उत्तरेश्वर
बैलाचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं म्हणून लिहिते. गांधींनी पण १९२८ ला साबरमती आश्रमातल्या एका वासराला इंजेक्शन द्यायला लावलं होतं, खूप आजारी होतं ते, आणि त्यावरनं लोकांनी त्यांना धारेवर धरलं होतं. पण वासराच्या नावावर सातबारा नसतो. माझा विरोध एवढ्यासाठीच आहे. आपल्या जिल्ह्यात म्हाताऱ्याचा अंगठा कोण कुठं आणि कसा घेतं हे मी तलाठी ऑफिसच्या बाहेर बसून बघितलंय, माझ्या मिस्टरांचं झेरॉक्सचं दुकान होतं तिथं. आजारी माणसाला रोज कानात "तुझ्यामुळं पोरीचं लग्न थांबलं, ऊसबिल सगळं औषधात गेलं" म्हटलं की तो आपण होऊनच म्हणेल मला सोडवा. त्याला इच्छा म्हणायचं?

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
ताई आमच्या मामाच्या नावावर काही नाही, भाड्याची खोली आहे. म्हणजे त्याला लागू व्हायला हरकत नाही ना?

सौ_उत्तरेश्वर
कायदा एका मामासाठी होत नाही दादा. राग मानू नका, पण होत नाही.

काळाकोट
थोडं कायद्याचं लिहितो, कारण निम्म्या लोकांचा समज असा आहे की आपल्याकडं काहीच नाही आणि उरलेल्यांचा समज असा आहे की सगळं झालंय. दोन्ही चूक.
इंजेक्शन देऊन मारणं हा आजही गुन्हा आहे. पेशंटनं स्वतः मागितलं, लिहून दिलं, तरी देणारा सुटत नाही. खून न धरता सदोष मनुष्यवध धरतील, एवढाच फरक. गोळ्या आणून हातात दिल्या तर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं कलम, १० वर्षांपर्यंत शिक्षा.
पण उपचार थांबवणं, म्हणजे व्हेंटिलेटर काढणं किंवा मुळात लावायलाच नको म्हणणं, याला परवानगी आहे. सुरुवात अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर बेशुद्ध पडून राहिलेली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स) प्रकरणात ७ मार्च २०११ च्या निकालानं झाली, तेव्हा प्रत्येक वेळी हायकोर्टात जावं लागायचं. मग ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानानं मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. पण नियम एवढे किचकट की ते विल करणारा कंटाळून आधी मरेल. फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची, डॉक्टर २० वर्षं अनुभवाचे पाहिजेत, वगैरे. २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं. आता नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. हॉस्पिटलनं पहिलं बोर्ड बसवायचं, त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, मग दुसरं बोर्ड, त्यात सरकारी आरोग्य अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. दोन्हींनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. त्यावर घरच्यांची संमती, मॅजिस्ट्रेटला कळवायचं, आणि मग मशीन काढायचं. बोर्डानं नाही म्हटलं तर हायकोर्ट, आणि आता ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्याच गावात आहे, मुंबईच्या वाऱ्या नकोत.

रंकाळा_कट्टा
वकीलसाहेब हे सगळं वाचताना मला कसबा बावड्याची ती बातमी आठवली. मयत म्हणून सांगितलं, घरात रडारड, अंत्यविधीची तयारी, आणि ॲम्ब्युलन्स स्पीडब्रेकरवर आदळली तर बोटं हलली! पुढं माणूस चालत घरी आला. आणि तुम्ही म्हणताय डॉक्टरांच्या मतावर मशीन काढा 😀

नाद_नाय_करायचा
जगात कोल्हापुरी स्पीडब्रेकर भारी. महापालिकेनं त्या स्पीडब्रेकरचा सत्कार करायला पाहिजे होता.

रात्रपाळी
त्या केसचा इथं काही संबंध नाही, तो हार्ट अटॅकचा पेशंट होता, अंगभर पसरलेला कॅन्सर नव्हता. असो.
मी आयसीयूला स्टाफ नर्स आहे, कुठं ते सांगत नाही. वर वकील साहेबांनी दोन बोर्डांचं लिहिलं ते बरोबरच आहे, पण मी नोकरीला लागल्यापासून असं बोर्ड बसलेलं एकदाही बघितलं नाही. मग काय आमच्याकडं व्हेंटिलेटरवरचे पेशंट कधी घरी जात नाहीत का? रोज जातात. डामा म्हणतात त्याला. डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय अशी सही करून. पैसे संपलेले असतात, जमीन गहाण पडलेली असते, डॉक्टर तोंडानं "सल्ला नाही" म्हणतात आणि डोळ्यांनी "न्या" म्हणतात. कागदावर कारण काय लिहितात माहीत आहे? "आर्थिक अडचणीमुळे" किंवा "घरगुती कारणास्तव".
मग काय होतं ते सांगते. व्हेंटिलेटरवरून काढून नळीला अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडायची, आमच्यातलं कोणीतरी नाहीतर ॲम्ब्युलन्सचा मुलगा ती दाबत दाबत गावापर्यंत जातो. घरच्यांची एकच विनंती असते, उंबऱ्याच्या आत जीव जाऊ दे. मी स्वतः गेलेय एकदा, भुदरगडच्या बाजूला, घाटातनं. घरात सतरंजी टाकून ठेवली होती, भिंतीला सगळा गाव उभा. आजींच्या तोंडात सुनेनं चमच्यानं पाणी घातलं ते नळीच्या कडेनं बाहेर आलं. मग मुलगा माझ्याकडं बघून म्हणाला "ताई, बास आता". मी बॅग सोडली. त्यानंतर आजी लगेच गेल्या नाहीत. छातीत घरघर, मान मागं टाकून श्वास ओढायच्या, आणि माझ्याकडं द्यायला एक इंजेक्शन नव्हतं, कारण डामाच्या पेशंटला औषध लिहून कोण देणार, जबाबदारी तुमची म्हणून सही घेतलेली असते ना.
हे आपलं इच्छामरण आहे. कायद्यात दोन बोर्डं आणि मॅजिस्ट्रेट, आणि इथं एक सही आणि एक ॲम्ब्युलन्स. त्यामुळं इंजेक्शन द्यावं का नाही यावर लोक भांडतात तेव्हा मला वाटतं की आधी हे जे रोज चाललंय ते तरी उजेडात, नीट, वेदनेचं औषध देऊन करा की.

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
ताई वाचून सुन्न झालो. पण एक बघा, मामाला मशीन नाहीच. श्वास त्याचा तोच घेतोय, काढायचं काय? नाकातली नळी काढून उपाशी मारायचं? तुमचा तो २०१८ चा निकाल त्याच्या काही कामाचा नाही. म्हणजे मशीनवर असलेल्याला सुटका आणि शुद्धीत असून पाटीवर लिहून मागणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

काळाकोट
मुद्दा बिनतोड आहे. कायदा त्या ठिकाणी थांबतो, आणि तो कोर्ट पुढं नेणार नाही, संसदेलाच करावा लागेल. मिनू मसानींनी १९८१ ला मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, म्हणजे मागणी काही आजची नाही. २०१७ च्या शेवटी गिरगावच्या लवाटे दांपत्यानं राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांसाठी मरण मागितलं होतं, आजार काहीच नाही, मूलबाळ नाही, परावलंबी व्हायचं नाही एवढंच. असल्या मागण्या आल्या की सरकारला घाम फुटतो आणि खऱ्या आजारी माणसाचा अर्ज पण त्यांच्याच ढिगात जातो.

सौ_उत्तरेश्वर
तेच म्हणते मी. दार एकदा उघडलं की कुठं थांबणार? कॅनडात २०१६ ला फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी कायदा केला, २०२१ ला ती अट काढली, आता मरण जवळ नसलं तरी चालतं. २०२३ मध्ये तिथं १५ हजारांवर माणसं अशी गेली, एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. आणि तो पैसेवाला देश, सरकारी दवाखाने फुकट. आपल्याकडं डायलिसिस परवडत नाही म्हणून माणूस फॉर्म भरेल.

परदेशी_पाव्हणा
मी नेदरलँड्सला असतो, मूळचा राजारामपुरीचा. इथं कायदा २००२ पासून आहे. इथले माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त आणि त्यांची बायको, दोघंही ९३ वर्षांचे, फेब्रुवारी २०२४ ला एकाच वेळी असे गेले. इकडं तो स्कँडल नव्हता, लोक हळहळले. पण एक सांगतो, इथं प्रत्येकाला वर्षानुवर्षं ओळखणारा फॅमिली डॉक्टर असतो, तो घरी येऊन बोलतो, आणि प्रत्येक केस नंतर समितीकडं तपासायला जाते. आपल्याकडं तो घरचा डॉक्टर होता तो पण संपला आता. कायदा कॉपी करता येईल, तो डॉक्टर कुठून आणणार.

जयसिंगपूर_लाईन
आमच्या जैन समाजाबद्दल लिहितो, कारण इथं कुणीतरी "उपाशी मारायचं का" असं लिहिलं. आमच्या आज्जीनं सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडत मरण स्वीकारायचं व्रत, घेतली होती. आजार असाध्य, वय झालेलं, औषधांनी गुण येत नव्हता. महाराजांनी लगेच हो म्हटलं नाही, आधी परत डॉक्टरला दाखवायला लावलं, घरातल्या प्रत्येकाला विचारलं. मग टप्प्याटप्प्यानं, आधी अन्न कमी, मग नुसतं दूध, मग ताक, मग गरम पाणी. रोज सकाळी आज्जीला विचारायचे, आज काय घेणार. तिला वाटलं त्या दिवशी ताक घ्यायची. घरात रोज माणसं यायची, क्षमा मागायची, चुलत्याबरोबर बांधावरनं भांडण होतं ते तिनं तिथंच मिटवलं. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ ला कुंथलगिरीला अशीच सल्लेखना घेतली होती, ते आमच्या इकडं घराघरात सांगतात.
२०१५ ला राजस्थान हायकोर्टानं याला आत्महत्या ठरवलं, तेव्हा आमच्याकडं सगळी दुकानं बंद ठेवून मोर्चे निघाले. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. मी काही हे सगळ्यांनी करावं म्हणत नाही. पण मरणाला दोन इंजेक्शनं लागतात असं काही नाही एवढंच.

नाद_नाय_करायचा
दादा आदर आहे, पण तुमच्या आज्जीला घशाचा कॅन्सर नव्हता. वेदनेत ताक उतरत नाही घशाखाली.

सौ_उत्तरेश्वर
आणि सल्लेखनेत पण सुनेचा दबाव असू शकतो, मला माफ करा, पण असू शकतो.

जयसिंगपूर_लाईन
असू शकतो ताई. म्हणून तर महाराज घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारतात.

रात्रपाळी
@मंगळवारपेठी, मामाला दुखण्यासाठी काय चालू आहे? नाव सांगा औषधाचं.

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
ट्रामाडॉल. आणि पॅरासिटामॉल. झोप येत नाही म्हटल्यावर झोपेची गोळी वाढवली.

रात्रपाळी
म्हणजे मॉर्फिन सुरूच केलेलं नाही! हेच बघा. अफू पिकते आपल्या देशात, मध्य प्रदेश राजस्थानात सरकारी लायसनवर, मॉर्फिनची गोळी काही महाग नाही, आणि कॅन्सरचा पेशंट ट्रामाडॉलवर तळमळतोय. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानं सगळ्यांना एवढी धास्ती बसली की मेडिकलवाल्यांनी ठेवायचंच बंद केलं. २०१४ ला दुरुस्ती करून सोपं केलं, मान्यताप्राप्त हॉस्पिटलला आता ढीगभर परवाने लागत नाहीत, पण धास्ती गेली नाही. डॉक्टरांना पण वाटतं सवय लागेल. अहो लागू दे की सवय, त्याला काय पुढच्या वर्षी भरतीला उभं राहायचंय?
पॅलिएटिव्ह केअरची (बरा न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करायच्या उपचारांची) ओपीडी कुठं आहे ते विचारा आणि कागदपत्रं घेऊन जा, मामाला न्यायची पण गरज नाही पहिल्यांदा. गोळी नळीतनं देता येते, सहसा दर चार तासांनी. सोबत पोट साफ व्हायचं औषध मागून घ्या, ते विसरतात आणि मग पेशंटचे वेगळेच हाल होतात. केरळात गावागावात हे घरी येऊन देतात, पंचायतीचे लोक आणि नर्स मिळून. २००८ पासून त्यांचं धोरणच आहे. आपल्याकडं गणपती मंडळं शंभर आहेत, त्यातल्या चार जणांनी जरी हे मनावर घेतलं तरी पुष्कळ होईल, पण ते जाऊ दे.

मिरजकर_तिकटी
अरुणा शानबागचं नाव वर आलं म्हणून. ४२ वर्षं ती केईएममध्ये पडून होती, १९७३ पासून २०१५ पर्यंत, आणि तिथल्या नर्सेसनी पाठीला एक फोड येऊ दिला नाही. पत्रकार पिंकी विराणींनी तिच्यासाठी दयामरण मागितलं तर त्याच नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या, आमची अरुणा आम्ही सांभाळतो म्हणाल्या. रात्रपाळी ताई, तुमच्याच व्यवसायातल्या. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी
त्यांच्याबद्दल काय बोलणार, पाया पडते. पण एका पेशंटसाठी अख्खं हॉस्पिटल उभं होतं. माझ्याकडं रात्री आयसीयूत किती पेशंटमागं एक नर्स असते ते विचारू नका.

तात्या_साईक्स_एक्स्टेंशन
मी पंचाहत्तरी ओलांडलेला, बायको गेली, मुलगा पुण्याला. तुमची चर्चा सगळी वाचली, नातवानं फॉन्ट मोठा करून दिला. मला इंजेक्शन नको आणि सल्लेखना पण नको, मला फक्त व्हेंटिलेटर नको. बायकोच्या वेळी बघितलं. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं पण नाही, काचेतनं बघत बसलो.
म्हणून मी ते लिव्हिंग विल लिहून काढलं आणि एका सरकारी हापिसात घेऊन गेलो, प्रत द्यायची असते म्हणतात म्हणून. टेबलावरचा मुलगा म्हणाला, आजोबा मृत्युपत्र इथं नाही, रजिस्ट्रारकडं जावा. म्हटलं मृत्युपत्र नव्हे. म्हणाला मग मृत्यू दाखला का? कुणाचा? म्हटलं माझा. तो घाबरून साहेबाला बोलवायला गेला. साहेबांनी पाणी दिलं, मुलाचा नंबर मागितला, त्यांना वाटलं म्हातारा काहीतरी करून घेणार. मुलाचा पुण्याहून फोन, बाबा काय चाललंय. कागद तसाच पिशवीत परत.

नाद_नाय_करायचा
तात्या 😂 सॉरी पण "म्हटलं माझा" भारी होतं.

काळाकोट
तात्या, तुमचं बरोबर होतं, त्यांना माहीत नव्हतं. २०२३ च्या बदलानुसार स्थानिक संस्थेतल्या एका अधिकाऱ्याकडं प्रत सांभाळायला द्यायची असते. महाराष्ट्रात हे कागदावरच होतं, मग डॉ. निखिल दातार यांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यानं असे अधिकारी नेमले. गोव्यात तर २०२४ ला हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनीच स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली, कर्नाटकानं जानेवारी २०२५ ला परिपत्रक काढलं. आदेश वरून निघतो, टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो. तुम्ही परत जाल तेव्हा कोर्टाच्या निकालाची प्रत सोबत ठेवा आणि पोच घ्या.

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
अपडेट देतो. रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं केलं, मॉर्फिन चालू झालं. फरक आहे, मोठा फरक आहे. रात्री झोपला, सकाळी पाटीवर कुस्तीचा निकाल विचारला. ताई तुमचे उपकार फिटायचे नाहीत.
पण खरं सांगू का, काल घरात कोणी नसताना मी त्याला विचारलं, आता दुखत नाही तर अजून तसंच वाटतंय का. थोडा वेळ थांबून लिहिलं "हो. आता शांत डोक्यानं सांगतो". त्यामुळं सौ_उत्तरेश्वर ताई, वेदना थांबली की मागणी थांबते असं सगळे म्हणतात, आमच्याकडं थांबलेली नाही. माझं मत तेच आहे, कायदा पाहिजे.

सौ_उत्तरेश्वर
दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं दादा, मनापासून. तुमच्या मामांचं मी खरं मानते. पण त्यांच्यासाठी केलेला कायदा ज्यांच्यावर चुकीचा वापरला जाईल ते इथं पाटीवर लिहायला येणार नाहीत. तात्यांच्या कागदाला माझा पूर्ण पाठिंबा, इंजेक्शनला विरोध, तो राहणार.

मंगळवारपेठी (धागाकर्ता)
राहू दे ताई. मामाला पण वाचून दाखवलं तुमचं. त्यानं लिहिलं "बाई हुशार आहे".

तात्या_साईक्स_एक्स्टेंशन
वकीलसाहेब, दोन प्रश्न. साक्षीदार म्हणून माझा मुलगा चालतो का? आणि माझ्या वतीनं निर्णय कोण घेणार तिथं मी फक्त मुलाचं नाव घातलंय, तो रडवेला होतो, ऐनवेळी नाही म्हणाला तर?

काळाकोट
साक्षीदार दोन लागतात, शक्यतो घरातले आणि वारसदार नकोत, शेजारचे घ्या. निर्णयासाठी एकापेक्षा जास्त नावं घालायची, मुलाबरोबर पुतण्या, भाचा, जो फोनवर डॉक्टरांशी ठामपणे बोलू शकेल असा. आणि त्या दोघांना आत्ताच समोरासमोर बसवून सांगा, कागद नंतर. तुमच्या डॉक्टरला पण एक प्रत द्या. कधीही बदलता किंवा रद्द करता येतं, लेखी. नोटरी कोर्टाबाहेर भेटतील, आधार कार्ड आणि दोन्ही साक्षीदार बरोबर घेऊन जा, शनिवारी गर्दी असते.

नाद_नाय_करायचा
तात्या साक्षीदार कमी पडला तर मला मेसेज टाका, साईक्स एक्स्टेंशनलाच दुकान आहे माझं.